हार्पूनने धरलेला तलवार मासा खरंच शाश्वत का? आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाने काय विचारावं?

कोथरूडकर

गणेश पेठेत पहाटे उतरणारी मासळी मुंबई, कोकण, गुजरातहून बर्फात येते. ती कुठल्या होडीने, कुठल्या जाळ्याने धरली हे टोपलीपर्यंत पोचेस्तोवर कुणाला माहीत राहत नाही. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. खोल समुद्रातले मोठे मासे धरायच्या पद्धतींत तलवार माशाची हार्पूनने होणारी शिकार सगळ्यांत निवडक आहे. डोलकाठीवरचा माणूस पृष्ठभागावर तरंगणारा एकच मासा हेरतो, त्याचा आकार नजरेने जोखतो आणि मगच भाला सुटतो. लहान दिसला तर होडी पुढे जाते. कासव, डॉल्फिन, मुशी चुकून सापडण्याचा प्रश्नच येत नाही. कॅनडातला नोव्हा स्कॉशिया, कॅलिफोर्निया, इटलीतली मेस्सीनाची सामुद्रधुनी, जपानचा सानरिकू किनारा, तैवानचा पूर्व किनारा अशा ठिकाणी ही पद्धत टिकून आहे.

प्रश्न दोन. 'शाश्वत' हा शिक्का कितपत खरा आहे? आणि आपल्या किनाऱ्यावर असं काही होऊ शकतं का? होत नसेल तर पुण्यात बसून आपण त्याऐवजी काय घ्यावं?

गलबत

चांगला विषय. आधी हे काम चालतं कसं ते नीट मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

नोव्हा स्कॉशियाच्या होडीला नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकाबाहेर, एक लांब फळी काढलेली असते. तिच्या टोकाला कमरेएवढा कठडा असतो आणि भालेवाला तिथे उभा राहतो. टेहळे डोलकाठीवर. सुकाणू आणि इंजिनाचा वेगही बऱ्याच होड्यांत वरूनच सांभाळतात, कारण खालच्या माणसाला मासा दिसतच नाही.

भाल्याचे चार भाग धरा: चारेक मीटरचा दांडा, त्याच्या टोकाची लोखंडी सळई, सळईवर नुसतं बसवलेलं पितळेचं किंवा ब्राँझचं सुटं टोक, आणि त्या टोकाच्या मध्यावर बांधलेला दोर. महत्त्व या 'मध्यावर' ला आहे. टोक मांसात शिरलं की सळईवरून सुटतं, आणि दोराला ताण येताच आत आडवं फिरतं. आडवं झालं की शिरल्या वाटेने परत येत नाही. दांडा मोकळा होतो आणि त्याला बांधलेल्या वेगळ्या बारीक दोरीने होडीवर ओढून घेतात.

मुख्य दोर शंभर वाव किंवा त्याहून जास्त, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या पुढे, पेटीत वेटोळी घालून ठेवलेला. शेवटाला मोठा बोया आणि झेंड्याची काठी. मासा मारला की कुणी दोर ओढत बसत नाही. दोर सोडतात, बोया पाण्यात टाकतात आणि होडी दुसऱ्या माशाच्या शोधात निघते. मासा बोया ओढून ओढून दमतो. त्याला तास-दोन तास किंवा जास्तही लागतात. मग येऊन उचलायचा.

बिघडतं कुठे ते सांगतो. नेम पाठीवरच्या पंखाजवळच्या जाड मांसावर हवा. पोटात लागला तर टोक फाडून बाहेर येतं. फेक कमी जोराची झाली तर टोक कातडीखालीच अडकतं आणि पहिल्या धक्क्याला निघतं. सळई वाकलेली असेल तर टोक सुटतच नाही आणि दांड्यासकट सगळं जातं. दोराची वेटोळी गुंतली आणि त्यात पाय सापडला तर माणूस समुद्रात जातो. म्हणून पेटीपाशी सुरी कायम हाताशी ठेवतात. शिवाय होडीची सावली माशावर पडता कामा नये. पडली की तो बुडी मारतो.

तिखटजाळ

म्हणजे भरदुपारी ऊन खात निवांत पडलेला मासा. हा तर अस्सल पुणेकर! एक ते चार कुणी उठवू नये.

शिंपला

गलबत, उत्तम प्रतिसाद. ओळखण्याबद्दल भर घालते. पाण्याबाहेर दोन टोकं दिसतात, पाठीवरचा पंख आणि शेपटीचं वरचं टोक. तलवार माशाचा पाठीचा पंख उंच, अरुंद, कोयतीसारखा वळलेला आणि ताठ असतो. मोठ्या माशाला तो मिटता येत नाही. मुशीचा पंख बुडाशी रुंद आणि त्रिकोणी, आणि शेपूट डावी-उजवी हलत राहते. अनुभवी टेहळे हा फरक बऱ्याच लांबून सांगतात. मात्र वारा वाढून पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागले की काम थांबतं. लाटांत पंख दिसत नाही.

मेस्सीनाच्या होड्या तर बघण्यासारख्या. पंचवीस मीटरहून उंच लोखंडी मनोरा, आणि नाळेपुढे होडीच्या लांबीहूनही लांब पूल. भालेवाला पुलाच्या टोकावर, त्यामुळे इंजिनाचा आवाज माशापर्यंत पोचायच्या आत तो डोक्यावर आलेला असतो. सुकाणू मनोऱ्यावर. त्याच सामुद्रधुनीतल्या भाल्याच्या शिकारीचं पॉलिबियसने केलेलं वर्णन स्ट्रॅबोने आपल्या भूगोलात दिलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी परंपरा.

अनुस्वार

पद्धत सुंदर आहे, मान्य. पण 'सगळ्यांत शाश्वत' म्हणण्याआधी तीन गोष्टींचा विचार करावा लागेल.

पहिली: थंड पाण्यात पृष्ठभागावर येणारे मोठे मासे बहुतेक माद्या असतात. नर लहान राहतात आणि जास्त करून गरम पाण्यात असतात. म्हणजे भाला नेमका सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या मादीवर पडतो.

दुसरी: टोक निसटून गेलेला जखमी मासा. तो उतरवलेल्या मासळीच्या आकड्यात कधीच येत नाही.

तिसरी: डिझेल. एकेक मासा शोधत दिवसभर फिरायचं. कॅलिफोर्नियात तर शोधायला छोटी विमानंही वापरली गेली. किलोमागे इंधन काढलं तर हे प्रकरण वाटतं तेवढं हलकं नाही.

गलबत

तिन्ही मुद्दे रास्त. दुसरा आणि तिसरा तसेच मान्य करतो. पहिल्यावर मात्र आकडे बघू या.

अटलांटिकमधल्या निम्म्या माद्या प्रजननक्षम होतात त्या साधारण १८० सेंमी लांबीला. ही लांबी खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात, तलवार धरत नाहीत. अटलांटिकसाठी ठरलेली किमान लांबी आहे १२५ सेंमी, त्यात थोड्या लहान माशांची सूट धरून, किंवा जराही सूट नको असेल तर ११९ सेंमी. म्हणजे लाँगलाइनवर (गळ लावलेल्या लांबलचक दोरावर) कायद्याने चालणारा मासा एकदाही अंडी न दिलेला असू शकतो. भाल्याने मारलेला मासा बहुधा शंभर किलोच्या आसपास किंवा वर असतो. त्या मादीने आधी काही हंगाम अंडी दिलेली असतात. मोठी मादी घेणं फुकट नाही, पण पिल्लं घेण्यापेक्षा साठ्याला ते नक्की सोसतं, आणि तेही मासे थोडे असतील तरच.

लाँगलाइनचं काम तुलनेला ठेवा. ३० ते ६० मैल लांबीचा दोर, त्याला शेकडो, कधी हजारांवर गळ, माकूळचं आमिष, प्रकाशाच्या कांड्या, आणि सगळं रात्रभर पाण्यात. त्यावर निळी मुशी, लेदरबॅक आणि लॉगरहेड कासवं येतात. उपायही निघाले. हवाईची तलवार माशाची लाँगलाइन २००१ मध्ये कासवांमुळे बंद झाली आणि २००४ मध्ये मोठ्या गोलाकार गळांच्या आणि माकूळऐवजी बांगड्याच्या जातीतल्या माशाच्या आमिषाच्या अटीवर उघडली. कासवं बरीच कमी झाली. तरी गळ निवड करत नाही, माणूस करतो.

रापण

कोथरूडकरांच्या मूळ विधानाला एक मोठी पुरवणी. भाला हातात आहे म्हणून मासेमारी आपोआप शाश्वत होत नाही.

लांब जायला नको. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, व्हेल शार्क अशाच तऱ्हेने मारले जात. मोठा आकडा किंवा भाला, त्याला दोर, दोराला पिंपं. पिंपं ओढून मासा दमला की किनाऱ्याला. यकृताचं तेल नावांना लावायला, मांस निर्यातीला. एका वेळी एकच मासा, इतर काही सापडत नाही, सगळं 'निवडक'. पण उशिरा वयात येणारा, संथ पोहणारा तो जीव अशा शिकारीत टिकला नसता. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, तेव्हा ते थांबलं.

तलवार मासा निराळा. तो झपाट्याने वाढतो, चार-सहा वर्षांत वयात येतो, मादी लाखोंनी अंडी देते आणि समुद्रभर पसरलेला आहे. भाल्याची पद्धत त्याला सोसते ती यामुळे, आणि बहुतेक मासे बहुतेक वेळ भाल्याच्या टप्प्याबाहेर खोलात असतात यामुळे.

तिखटजाळ

रापण +१. हा मुद्दा सोन्यासारखा.

खलाशी

इतिहास थोडक्यात, कारण त्यातून कारणं कळतात.

न्यू इंग्लंड आणि नोव्हा स्कॉशियात एकोणिसाव्या शतकापासून १९६०च्या सुरुवातीपर्यंत तलवार मासा म्हणजे भाल्याचाच. मग लाँगलाइन आली आणि माशांचा सरासरी आकार उतरत गेला. १९७१ मध्ये अमेरिकेने पाऱ्याची ०.५ पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग) मर्यादा लावली, बाजार कोसळला. १९७९ मध्ये ती १.० पीपीएम झाली आणि मासेमारी पुन्हा उसळली. १९९८ मध्ये अमेरिकेत शेफ मंडळींनी उत्तर अटलांटिकचा तलवार मासा वाढायचं थांबवलं. १९९९ मध्ये अटलांटिकच्या ट्यूना आयोगाने, म्हणजे आयकॅटने, दहा वर्षांची योजना आखली आणि २००९ मध्ये उत्तर अटलांटिकचा साठा सावरल्याचं जाहीर झालं.

सावरला तो एकट्या भाल्यामुळे नाही. कोटा पाळला म्हणून. भूमध्य समुद्रात मेस्सीनाचे भाले होतेच, तरी तिथला साठा खालावला, कारण बाकीचे ताफे लहान मासे उचलत होते. तिथली सावरण्याची योजना २०१६ मध्ये ठरली. एका गावाची चांगली पद्धत अख्ख्या समुद्राला पुरी पडत नाही.

शेवंती

पाऱ्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते, कारण अशा चर्चांत तो मागे पडतो.

तलवार मासा अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला आहे. वय आणि आकार वाढेल तसा मिथाइल मर्क्युरी स्नायूंत साठत जातो. भाल्याने मोठे मासे मिळतात, म्हणजे ज्या गुणामुळे पद्धत चांगली ठरते त्याच गुणामुळे पारा जास्त. धुऊन, तळून, उकडून, चिंच-कोकम लावून तो जात नाही. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांनी तलवार मासा खाऊच नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्लाही हाच आहे. इतरांनी क्वचित खावा. 'शाश्वत' चा शिक्का आरोग्याचा शिक्का नव्हे.

बांगडा, तारली, पेडवे या लहान माशांत पारा फार कमी आणि ओमेगा-३ भरपूर. घरात गरोदर बाई असेल तर सरळ तिकडे वळा.

औंधकर

माहितीपूर्ण धागा. गोठवलेले 'स्वोर्डफिश' काप कुणी समोर ठेवले तर ते त्याच माशाचे, हे ओळखायचं कसं?

तिखटजाळ

औंधकर, काप घेणार असाल तर कातडीपासून सुरुवात करा. मोठ्या तलवार माशाला खवले नसतात, कातडी जाड पण गुळगुळीत. खरकागदासारखी लागली तर मुशीचा काप आहे. माको मुशी तलवार मासा म्हणून विकली जाण्याचे प्रकार जगभर होतात. मग मधला मणका बघा: तलवार माशाचा हाडाचा, मुशीचा कूर्चेचा.

मांस पांढरं, हस्तिदंती किंवा किंचित गुलाबी असतं. झिंग्यांवर पोसलेल्या माशाचं नारिंगीसुद्धा असतं, ते खराब नव्हे. गडद मांसाची पट्टी लालभडक असेल तर ताजा, तपकिरी पडली असेल तर जुना. पाकिटावर शास्त्रीय नाव 'झिफियास ग्लॅडियस' हवं. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येतात त्यांत पाठीवर शिडासारखा पंख असलेला सेलफिश आणि मार्लिन बरेच असतात. त्यांनाही सरसकट तलवार मासाच म्हटलं जातं.

अवांतर: शिजवायचा तर इंचभर जाड काप, तवा चांगला तापलेला, दोन्ही बाजू मिळून आठ-दहा मिनिटं. जास्त ठेवला की कोरडा होतो. मीठ, हळद, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ एवढंच पुरे. रव्यात घोळवू नका, जाड कापाला आतपर्यंत शिजेस्तोवर रवा करपतो.

अनुस्वार

अवांतरात माझीही भर. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यासमोर सुमारे ६०० मीटर खोलीवर 'अॅल्विन' या संशोधन पाणबुडीवर तलवार माशाने हल्ला केला. तलवार सांध्यात अशी रुतली की पाणबुडी माशासकट वर आणावी लागली. भालेवाल्यांच्या लहान होड्यांच्या फळ्याही या तलवारीने फुटलेल्या आहेत, म्हणूनच दमेपर्यंत मासा बोयावर सोडतात.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या विधानापेक्षा बरंच नेमकं मिळालं: पद्धत निवडक आहे, पण कोट्याशिवाय तिला अर्थ नाही. आता दुसरा प्रश्न राहिलाय. अरबी समुद्रात तलवार मासा आहेच ना? मग रत्नागिरी-मालवणकडून भाल्याने का नाही?

रापण

आहे. फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या लाँगलाइन सर्वेक्षणात तो सापडतो. हिंद महासागराचा साठाही २०२३च्या मूल्यांकनानुसार अतिमासेमारीखाली नाही. अडचण माशाच्या सवयीची आहे.

तो दिवसा पाचशे मीटर आणि त्याहून खोल जातो, रात्री वर येऊन माकूळ आणि मासे खातो. डोळे आणि मेंदू गरम ठेवणारा खास स्नायू त्याला आहे, म्हणून थंडगार खोल पाण्यातही शिकार करतो. शरीराचा बाकी भाग मात्र गार पडतो. थंड प्रदेशांत तो दिवसा वर येऊन पडतो ते अंग तापवायला आणि पचन व्हायला, असं मानतात. आपल्याकडे वरचं पाणी २६ ते ३० अंश. तापण्यासाठी त्याला पृष्ठभागावर तासन्‌तास पडायची गरज नाही. उष्ण पट्ट्यात तो दिवसा क्वचितच वर दिसतो. दिसला नाही तर भाला कशावर टाकणार?

शिवाय मासा खोल पाण्यातला. आपला खंडीय मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, मुंबईसमोर खूप रुंद आहे, त्याची कड गाठायलाच लांब जावं लागतं. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. उरलेल्या शांत महिन्यांत शोधत फिरायचं डिझेल मासा न दिसता परवडणार नाही. त्यामुळे कोकणात हे आणायचा विचार सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत.

शिंपला

सहमत. पण याच विचाराची, एका वेळी एक मासा धरायची पद्धत आपल्या देशात आहे: लक्षद्वीपची काठी-गळाची मासेमारी.

मिनिकॉयमधून ती १९६०च्या सुमारास यांत्रिक होड्यांबरोबर इतर बेटांवर गेली. प्रवाळाच्या सरोवरात बारीक जाळ्याने जिवंत आमिषमासे धरतात आणि होडीच्या पाणी खेळत्या टाकीत जिवंत ठेवतात. कुप्याच्या जातीतल्या स्किपजॅकचा थवा दिसला की आमिष फेकायचं आणि होडीच्या कडेने पाण्याचे फवारे सोडायचे, म्हणजे बारीक मासे उसळतायत असा भास होतो. मग काठ्या पडतात. गळाच्या टोकाला उलटी आकडी नसते, त्यामुळे झटका दिला की मासा होडीत पडून आपोआप सुटतो. कासव नाही, डॉल्फिन नाही. मासा उकडून, धुरावून, वाळवून त्याचा 'मासमीन' करतात.

दुबळी जागा आमिषाची. सरोवरातले आमिषमासे कमी पडले, किंवा पकडताना प्रवाळ तुडवलं गेलं, तर सगळी साखळी थांबते. मालदीवच्या याच पद्धतीला २०१२ मध्ये एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं आहे.

खलाशी

प्रमाणपत्रावरून एक सावधगिरी. नोव्हा स्कॉशियाच्या हार्पूनला एमएससी २०१० मध्ये मिळालं आणि त्याच भागातल्या लाँगलाइनला २०१२ मध्ये, पर्यावरण संस्थांचा विरोध असताना. पाकिटावरचा निळा मासा दोन्हींना सारखाच. तेव्हा चिन्हावर न थांबता साधनाची ओळ शोधा. कागदपत्रांत एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, संकेत असतात: एचएआर म्हणजे हार्पून, एलएलडी म्हणजे तरंगती लाँगलाइन, जीएनडी म्हणजे तरंगतं जाळं. क्षेत्राचा आकडाही बघा. २१ वायव्य अटलांटिक, ३७ भूमध्य, ५१ पश्चिम हिंद महासागर. ५१ आणि 'हार्पून' एकत्र लिहिलेलं दिसलं तर आयातदाराकडे कागद मागा.

औंधकर

आणि कुपा घेताना? तो तर पुण्यात मिळतो.

रापण

तीन प्रश्न विचारा: कुठल्या बंदरात उतरला, गळाचा की जाळ्याचा, आणि बर्फात कधीपासून आहे. पहिल्या दोनांची उत्तरं देणारा विक्रेता मिळाला तर त्याला धरून राहा. पुढचा माल उचलताना तो स्वतःच चौकशी करायला लागतो.

तिसरा प्रश्न पोटासाठी. कुपा, बांगडा यांच्यात बर्फ कमी पडला की हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. जिभेला मिरमिरलं तर घास टाकून द्या. मांस ओलसर लाल हवं, कडेने इंद्रधनुषी झाक नको.

जून-जुलैचे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्या बंद असतात. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात आणि जुलैत पुण्यात 'ताजा' म्हणून आलेला मोठा मासा पूर्वेकडून बर्फात प्रवास करून आलेला असू शकतो, किंवा गोठवून सोडवलेला. त्या दोन महिन्यांत बर्फाचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.